मायनिंगची वीज जळतेच आहे, तर त्या आकडेमोडीतून काही कामाचं निघेल का?

टेकाडावरचा (धागाकर्ता)

बिटकॉइनचं जाळं वर्षाला साधारण १३८ टेरावॉट-तास वीज खातं, असा केंब्रिज विद्यापीठाच्या २०२५ च्या अहवालातला अंदाज आहे. जगाच्या वीजवापराच्या जवळपास अर्धा टक्का. हा आकडा निघाला की दोन ठरलेले प्रतिसाद येतात. एक, 'बंद करा हे थोतांड.' दोन, 'मग बँका काय कमी वीज खातात?' या धाग्यावर दोन्ही नकोत, त्यावर इथे पुरेशा जिलब्या पाडून झाल्यात. माझा प्रश्न वेगळा आहे. वीज जाणारच असेल, तर तिच्यातून होणारी आकडेमोड एखाद्या उपयोगी कामाची का असू नये? प्रथिनांच्या घड्या, नव्या औषधांची चाचपणी, हवामान, गणित, काहीही.

मायनर, म्हणजे नाण्यांच्या बक्षिसासाठी बिटकॉइनच्या व्यवहारांची नोंदवही राखणारा, नेमकं काय करतो ते थोडक्यात. ब्लॉक म्हणजे त्या नोंदवहीचं एक पान. त्याला ८० बाइटचा एक मथळा असतो. त्यात मागच्या ब्लॉकचा हॅश (माहितीतून सूत्राने काढलेला, ठशासारखा आकडा), या ब्लॉकमधल्या व्यवहारांचं सार, वेळ आणि एक मोकळा आकडा. त्यावर एसएचए-२५६ हे हॅशचं सूत्र दोनदा चालवायचं. उत्तर ठरलेल्या मर्यादेखाली आलं तर ब्लॉक तुमचा, नाही तर आकडा बदलून पुन्हा. दर २०१६ ब्लॉकनंतर ती मर्यादा अशी सरकवली जाते की सरासरी दहा मिनिटांनी एक ब्लॉक निघावा. म्हणजे जगभरची यंत्रं दुप्पट झाली तरी ब्लॉक तेवढेच, फक्त वीज दुप्पट. चुकलेली अब्जावधी उत्तरं कचऱ्यात जातात. बरोबर आलेलं उत्तरही 'एवढी मेहनत झाली' याच्या पलीकडे काही सांगत नाही.

ही खंत बिटकॉइनपेक्षा जुनी आहे. संगणकाला मुद्दाम मेहनत करायला लावून स्पॅमला आळा घालायची कल्पना १९९२ ची, सिंथिया ड्वर्क आणि मोनी नाओर यांची. १९९९ मध्ये मार्कुस याकोबसन आणि अ‍ॅरी जूल्स यांनी शोधनिबंध लिहिला की ही मेहनत एकदा झाल्यावर दुसऱ्या कामालाही वापरता यावी. त्याला त्यांनी शिळ्या पावाच्या पुडिंगचं नाव दिलं. आपल्याकडे ते नक्की फोडणीची पोळी म्हणाले असते. म्हणजे बिटकॉइनचा पहिला ब्लॉक ३ जानेवारी २००९ ला निघायच्या दहा वर्षं आधी हा विचार कागदावर होता, आणि तरीही बिटकॉइनच्या निर्मात्याने, सातोशी नाकामोटोने, निव्वळ निरुपयोगी कोडंच निवडलं. का निवडलं असेल? मला वाटतं, त्याला दुसरं काही परवडणारं नव्हतं. पण जाणकारांनी लिहावं.

भिंगरी

वाखु (वाचनखूण) साठवली. एक भाबडा प्रश्न: हीच यंत्रं रात्रीची चार तास कॅन्सरच्या संशोधनाला का देत नाहीत? मालकांना पुण्यही लागेल आणि टीकाकारांची तोंडंही बंद.

टेकाडावरचा

भिंगरीताई, ती यंत्रं दुसरं काहीच करू शकत नाहीत. २०१३ पासून बिटकॉइनसाठी खास चिप निघाल्या, त्यांना एसिक म्हणतात. त्या चिपवर एसएचए-२५६ ची जुळणी तारांतच पक्की केलेली असते. तिला साधा दशांश अपूर्णांकांचा गुणाकारही येत नाही, रेणूंचं गणित तर दूरच. त्या काळात 'बिटकॉइनचं जाळं जगातल्या पाचशे महासंगणकांपेक्षा कित्येक पट वेगवान' असे मथळे छापून यायचे. हॅशचं रूपांतर अपूर्णांकी गणितांत करून काढलेले ते आकडे होते, आणि त्यांना काही अर्थ नव्हता. नवं मॉडेल आलं की जुनी चिप थेट भंगारात.

जीपीयूवर, म्हणजे कुठलंही गणित करू शकणाऱ्या ग्राफिक्सच्या चिपवर, होणाऱ्या मायनिंगची गोष्ट वेगळी. ईथरियम हे दुसरं नाणं १५ सप्टेंबर २०२२ पर्यंत जीपीयूवर चालायचं. त्या दिवशी त्यांनी प्रूफ ऑफ वर्क (मेहनत दाखवून ब्लॉक मिळवणं) सोडून प्रूफ ऑफ स्टेक (नाणी पणाला लावून मिळवणं) घेतलं, आणि वीजवापर ९९.९ टक्क्यांहून जास्त घटला. मोकळी झालेली यंत्रं बऱ्याच ठिकाणी एआयच्या कामाला लागली. आज एआयसाठी जीपीयू भाड्याने देणारी कोअरवीव्ह ही कंपनी मुळात ईथरियमची मायनर. मार्च २०२० मध्ये कोविड पसरला तेव्हा तिने आपले सहा हजार जीपीयू फोल्डिंग अ‍ॅट होमकडे, म्हणजे लोकांच्या संगणकांवर प्रथिनांच्या घड्या अभ्यासणाऱ्या प्रकल्पाकडे, वळवले होते. म्हणजे तुम्ही म्हणता ते एकदा खरोखर झालंय. फक्त तेवढा वेळ ते जीपीयू मायनिंग करत नव्हते.

खडूस_काका

'समाजोपयोगी' हा शब्द दिसला की मी आधी पाकीट चाचपतो. पुण्यातल्यांना गेनबिटकॉइन आठवत असेल. मायनिंग आमचं, तुम्ही फक्त बिटकॉइन गुंतवा, दरमहा दहा टक्के, अठरा महिने. २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी सूत्रधाराला पकडलं तोवर किती जणांची पुंजी गेली होती! त्यातल्या बहुतेकांना मायनिंग म्हणजे काय हे शेवटपर्यंत कळलं नव्हतं. आता त्याच शब्दाला 'कॅन्सर संशोधन' जोडलं तर विकणाऱ्याला आणखी सोपं.

शिवाय भारतात बसून हा उद्योग कायदेशीरपणे करायचा तर हिशेब ऐका. मिळालेलं नाणं विकलं की नफ्यावर सरसकट ३० टक्के कर, आणि यंत्रांचा खर्च वजा करता येत नाही, हे सरकारने २०२२ मध्ये संसदेतच सांगितलंय. तेव्हा इथल्या कुणी भावनेच्या भरात गॅरेजमध्ये मायनिंगची यंत्रं लावू नयेत.

संपादक मंडळ

एक प्रतिसाद उडवला आहे. रेफरल लिंक आणि 'मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा' प्रकार इथे चालणार नाहीत. चर्चा चालू द्या.

ऋतुगंध

धागाकर्त्याने यादीत हवामान टाकलंय म्हणून लिहिते. मी याच क्षेत्रात पुण्यात काम करते.

अंदाजाचं मॉडेल म्हणजे पृथ्वीभोवतीच्या हवेचे चौकोन आणि थर. आता भारताचं जे जागतिक मॉडेल चालतं त्यात हे चौकोन ६ किलोमीटरचे आहेत. मे २०२५ पासून, आधी १२ चे होते. प्रत्येक चौकोनाचा वारा, दाब, बाष्प पुढच्या काही मिनिटांसाठी काढायचं तर शेजारच्या चौकोनांत आत्ता काय झालं ते माहीत असावं लागतं. म्हणजे हजारो प्रोसेसर दर पावलाला एकमेकांशी बोलतात. पाषाणला आमच्या आवारात 'अर्का' महासंगणक आहे, ११.७७ पेटाफ्लॉप्सचा (एक पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदाला दहा लाख अब्ज गणितं). त्याची किंमत नुसत्या प्रोसेसरची नसते, त्यांना जोडणाऱ्या वेगवान जाळ्याचीही असते. हेच प्रोसेसर नागपूर, न्यूयॉर्क आणि नैरोबीत विखरून इंटरनेटने जोडले, तर उद्याचा अंदाज पुढच्या महिन्यात मिळेल. पाऊस पडून गेल्यावर.

म्हणून विखुरलेल्या यंत्रांना फक्त सुटं सुटं काम देता येतं. हवामानबदलाचा अभ्यास काही अंशी तसा असतो. ऑक्सफर्डमधून २००३ पासून चालणाऱ्या क्लायमेट-प्रेडिक्शन-डॉट-नेट प्रकल्पात प्रत्येक घरच्या संगणकाला एक अख्खं छोटं मॉडेल देतात, थोड्या वेगळ्या गृहीतकांचं, आणि हजारो उत्तरांचा एकत्र विचार करतात. ते छान चालतं. पण एका मॉडेलला घरच्या संगणकावर कित्येक दिवस लागतात. तुमचा ब्लॉक तर दहा मिनिटांनी निघायला हवा.

भिंगरी

ऋतुगंध, हे इतक्या सोप्या भाषेत पहिल्यांदाच वाचलं. वेगळा लेख लिहा ना.

कापूसकोंड्या

धागाकर्त्याच्या 'का निवडलं असेल' ला उत्तर द्यायचा प्रयत्न करतो. लांबेल. ज्यांना गणिताचा कंटाळा आहे त्यांनी थेट खाली अण्णांचा प्रतिसाद येईल तो वाचावा, ते येतीलच.

कोडं बिटकॉइनला चालायचं तर ते सोडवायला अवघड आणि तपासायला सोपं हवं, हे सगळेच सांगतात. पण तेवढ्यावर भागत नाही. कोडं त्याच ब्लॉकशी बांधलेलं हवं. नाही तर मी वर्षभर उत्तरं साठवून ठेवीन आणि एका दुपारी शंभर ब्लॉक काढून सगळा इतिहास बदलीन. अवघडपणा हवा तसा कमी-जास्त करता यायला हवा. कोडी कधी संपता कामा नयेत. आणि एक अट बहुतेक जण विसरतात: आधी केलेल्या मेहनतीचा पुढे फायदा मिळता कामा नये. हॅशचा डाव दर वेळी कोरा असतो. नऊ मिनिटं खपलेल्याला दहाव्या मिनिटाला आत्ताच आलेल्याइतकीच संधी. म्हणून एकूण ताकदीच्या एक टक्का यंत्रं असलेल्याला सरासरी एक टक्का ब्लॉक मिळतात. काम लांबलचक आणि टप्प्याटप्प्याचं असेल तर सर्वात वेगवान यंत्र जवळजवळ दर वेळी पहिलं येईल, बाकीचे दुकान बंद करतील.

आता प्राइमकॉइन बघा. २०१३ मध्ये सनी किंग या टोपणनावाच्या माणसाने काढलं. त्यात हॅशऐवजी मूळ संख्यांच्या साखळ्या शोधायच्या. २, ५, ११, २३, ४७: प्रत्येक संख्या आधीचीच्या दुपटीहून एकने मोठी आणि प्रत्येक मूळ. पुढची ९५, ती ५ ने भागली जाते, साखळी तुटली. यांना कनिंगहॅम साखळ्या म्हणतात. ब्लॉकशी बांधायला अट अशी की साखळीच्या उगमाच्या संख्येला त्या ब्लॉकच्या हॅशने नि:शेष भाग जायला हवा. चलाख युक्ती आहे, आणि ती चालली. या मायनिंगमधून साखळ्यांचे काही विक्रमही निघाले. देवळालीचे कापरेकर मास्तर असते तर त्यांनी नक्की एक वही भरली असती. पण समाजाला उपयोग? विक्रमांच्या यादीत भर पडली, एवढंच. शिवाय तपासणी झटपट व्हावी म्हणून संख्यांच्या आकारावर मर्यादा ठेवावी लागली. म्हणजे खरोखर प्रचंड मूळ संख्यांची शिकार इथे होऊच शकत नाही.

ती शिकार दुसरीकडे चालते. जिम्प्स हा स्वयंसेवकांचा प्रकल्प १९९६ पासून मर्सेन मूळ संख्या (२ च्या घातातून १ वजा करून मिळणाऱ्या) शोधतोय. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यांना २ चा १३,६२,७९,८४१ वा घात वजा १ ही सापडली, ४ कोटी १० लाखांहून जास्त अंकांची. गंमत अशी की तपासणीचा प्रश्न त्यांनी बराचसा सोडवलाय. २०२० पासून तिथे चाचणी करणारा सोबत एक छोटा पुरावा देतो, आणि दुसऱ्याला सगळी आकडेमोड पुन्हा न करता तो तपासता येतो. मग याचं मायनिंग का करू नये? कारण कुठला घात कुणी तपासायचा हे त्यांचा सर्व्हर वाटून देतो. तो सर्व्हर कुणाच्या तरी ताब्यात आहे.

माझ्या मते सगळी मेख इथे आहे. उपयोगी काम म्हटलं की कुणीतरी ते नेमून द्यावं लागतं: हे प्रथिन, हा रेणू, हा आकडा. जो नेमून देतो त्याला आधीपासून उत्तर माहीत असू शकतं, किंवा तो मेव्हण्याला सोपं काम देऊ शकतो. 'असं होणार नाही' असा विश्वास ज्याच्यावर टाकता येतो तो माणूस तुमच्याकडे असेल, तर नोंदवही त्यालाच ठेवू द्या. मायनिंगची गरजच उरत नाही. सातोशीने निरुपयोगी कोडं घेतलं कारण ते मागच्या ब्लॉकमधून आपोआप जन्मतं. कुणी देणारा नाही.

चिकित्सक_चिंगी

कापूसकोंड्या, सुंदर. फक्त 'मेव्हण्याला' का, वहिनीला का नाही? हलके घ्या.

मी जीवरसायनवाली. तुमची मेख आमच्याकडे प्रत्यक्षात कशी दिसली ते सांगते. फोल्डिंग अ‍ॅट होम २००० मध्ये स्टॅनफर्डला सुरू झालं. मार्च २०२० मध्ये कोविडच्या प्रथिनांवर काम सुरू झाल्याबरोबर लाखो लोकांनी घरचे संगणक जोडले आणि एकूण वेग एक एक्साफ्लॉपच्या (हजार पेटाफ्लॉप्सच्या) पुढे गेला. त्या वेळी जगातला कुठलाही महासंगणक तिथवर पोचला नव्हता. आणि मग काम संपलं! सर्व्हरना तुकडे पाडून वाटणं झेपेना. लोक मंचांवर विचारत होते, माझा संगणक रिकामा का बसलाय? संगणकांची टंचाई नव्हती. चांगले प्रश्न मांडणाऱ्या, त्यांचे तुकडे पाडणाऱ्या, आलेली उत्तरं वाचणाऱ्या माणसांची होती. अशा जागी उद्या मायनिंगची शंभरपट ताकद ओतली तरी शास्त्रज्ञ तेवढेच राहणार.

दुसरं, तपासणी. बोइंक हे घरच्या संगणकांना विज्ञानाची कामं वाटणारं सॉफ्टवेअर. त्यावरच्या प्रकल्पांत बऱ्याचदा एकच तुकडा दोन वेगळ्या संगणकांना देतात आणि उत्तरं जुळली तरच धरतात. सेटी अ‍ॅट होममध्ये, म्हणजे परग्रहवासीयांचे संदेश शोधणाऱ्या प्रकल्पात, जिथे एक पैसाही मिळत नव्हता, तिथेसुद्धा निव्वळ गुणतक्त्यात वर यायला लोकांनी लबाड्या केल्या. पैसे लावल्यावर काय होईल? आणि प्रत्येक काम दोनदा करायचं म्हणजे निम्मी वीज पुन्हा फुकटच की.

तरीही मी पूर्ण निराश नाही. ग्रिडकॉइन हे नाणं २०१३ पासून आहे. त्यांनी दोन गोष्टी वेगळ्या केल्या. साखळीची, म्हणजे ब्लॉकांच्या नोंदवहीची, राखण प्रूफ ऑफ स्टेकने होते, आणि बोइंकवर विज्ञानाचं काम करणाऱ्याला त्याच्या कामगिरीप्रमाणे नाणी बक्षीस मिळतात. कुठले प्रकल्प धरायचे हे सभासद मतदानाने ठरवतात. यात नोंदवहीची सुरक्षितता प्रथिनांवर अवलंबून नाही. उद्या एखाद्या प्रकल्पाने चूक केली तर बक्षिसं चुकतील, पण हिशेब बुडणार नाही.

खडूस_काका

ग्रिडकॉइन म्हणजे स्वयंसेवकांना दिलेलं मानधन झालं. ते मायनिंग कुठे? रुपयांत दिलं तरी चाललं असतं.

आणि चिंगीताई, प्रथिनांचा आकार सांगणारं अल्फाफोल्ड हे एआय आल्यावर या घरगुती फोल्डिंगचं काय राहिलं? २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेलही त्यांनाच मिळालं ना.

चिकित्सक_चिंगी

काका, पहिल्या मुद्द्याला अनुमोदन. फक्त सीमेपलीकडच्या अनोळखी माणसाला दोन रुपये पाठवणं बँकेतून किती जिकिरीचं असतं ते बघा. तिथे नाण्याचा थोडा उपयोग आहे.

दुसऱ्याला असहमत. अल्फाफोल्ड प्रथिनाचा शेवटचा आकार सांगतं. फोल्डिंग अ‍ॅट होम त्याची हालचाल बघतं: कुठे उघडतं, कुठे मिटतं, औषधाचा रेणू शिरेल अशी खाच क्षणभर कुठे दिसते. एका छायाचित्रावरून ते कळत नाही. आणि त्या नोबेलचा अर्धा वाटा डेव्हिड बेकर यांचा. त्यांच्याच प्रयोगशाळेचा रोझेटा अ‍ॅट होम हा बोइंकवरचा प्रकल्प २००५ पासून चालत आलाय. तेव्हा घरगुती संगणकांना इतक्यात मोडीत काढू नका.

अण्णा_द्राक्षवाले

कापूसकोंड्याने बोलावलं म्हणून आलो. आकडेमोडीतलं मला कळत नाही. पण ही यंत्रं तापतात म्हणे, गरम वारा सोडतात. आमच्या तासगाव भागात बेदाण्याचा हंगाम फेब्रुवारी ते एप्रिल. द्राक्ष द्रावणात बुडवून शेडमध्ये रॅकवर टाकायची, बारा-पंधरा दिवस कोरडा वारा हवा. मध्येच अवकाळी आला, हवा दमट झाली की माल काळा पडतो आणि दर निम्म्यावर. त्या दोन-चार दिवसांत गरम कोरडा वारा कुणी फुकट देत असेल तर आम्ही त्याच्या यंत्राला हार घालू. असा उपयोग समाजोपयोगी धरणार का नाही?

नॉर्डिक_नाम्या

अण्णा, शंभर टक्के धरणार! इकडे फिनलंडमध्ये ते सुरू झालंय. मारा नावाच्या अमेरिकी मायनिंग कंपनीने २०२४ मध्ये साताकुंता भागात २ मेगावॉटचा प्रयोग जाहीर केला. यंत्रांना गार करणारं पाणी तापतं, ते गावाच्या सामाईक उष्णता-वाहिनीत सोडायचं. सुमारे ११ हजार लोकवस्तीच्या घरांना ऊब मिळते. इथे वर्षातले सात-आठ महिने घर तापवावंच लागतं आणि वाहिन्या आधीच जमिनीखाली आहेत, म्हणून जमलं. यात आकडेमोड निरुपयोगीच राहते, पण वीज वाया गेली असं म्हणता येत नाही.

कापूसकोंड्या

नाम्या, अर्धंच खरं. एक युनिट वीज मायनिंग यंत्रात घातली की एक युनिट उष्णता मिळते. तीच हीट पंपात घातली तर साधारण तीन युनिट. म्हणजे निव्वळ उबेसाठी मायनिंग म्हणजे वीजशेगडीच. नाणं वर मिळतं म्हणून परवडते इतकंच.

आणि तासगावला तर आकाशातून फुकट मिळते तीच उष्णता. अण्णांना लागते ती नेमकी ढगाळ दिवसांत.

अण्णा_द्राक्षवाले

बरोबर आहे. शिवाय आमच्या शेतीपंपाच्या लाइनला आठ तास वीज, त्यातही आठवड्याची पाळी रात्रीची. शेड रानात. ती यंत्रं म्हणे चोवीस तास, बारा महिने चालली तरच परवडतात. आमचं काम वर्षातले चार दिवस. नाही जमायचं. सोलर ड्रायरचंच बघतो, त्यावर कुणी वेगळा धागा काढा.

टेकाडावरचा

अण्णांचा हिशेब चोख. टेक्सासमध्ये याच्या उलट झालं. तिथे वीज टंचाईच्या वेळी यंत्रं बंद ठेवल्याबद्दल मायनरना मोबदला मिळतो. ऑगस्ट २०२३ च्या उन्हाळ्यात रायट या कंपनीला अशा सवलतींतून ३ कोटी १७ लाख डॉलर मिळाले, त्या महिन्यात काढलेल्या बिटकॉइनच्या किमतीहून जास्त. काम न केल्याची मजुरी! समर्थक म्हणतात ग्रिडला आधार दिला. मला तो आधार थोडा विचित्र वाटतो, पण अवांतर होईल.

मूळ विषयाकडे. कापूसकोंड्या, 'देणारा कुणी नको' ही मेख मान्य. पण काम मायनरने स्वतःच आणलं तर? २०२५ मध्ये कोमारगोडस्की, शेन आणि वाइनस्टाइन यांचा शोधनिबंध आलाय, कुठल्याही मॅट्रिक्स (आकड्यांच्या तक्त्यांच्या) गुणाकारातून मायनिंग करण्याचा. एआयचं जवळजवळ सगळं काम म्हणजे मॅट्रिक्सचे गुणाकार. तुझ्याकडे जो काही गुणाकार करायचा असेल तो कर, त्यातूनच ब्लॉकची सोडत निघेल.

कापूसकोंड्या

वाचलाय, आणि आवडलाही. ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी: पहिली शंका अशी येते की मी सगळे शून्य असलेले मॅट्रिक्स घेईन, गुणाकार फुकट, सोडती हजारो. ते रोखायला मॅट्रिक्समध्ये ब्लॉकमधून निघालेला गोंगाट मिसळतात. त्या गोंधळलेल्या गुणाकाराचे मधले टप्पे म्हणजे सोडती. शेवटी गोंगाटाचा हिस्सा स्वस्तात वजा केला की तुमचं खरं उत्तर हातात. शून्य घेतले तरी मेहनत तेवढीच. जादा खर्च गुणाकाराच्या मानाने नगण्य असावा असा त्यांचा दावा आहे. या क्षेत्रात आधीही प्रामाणिक प्रयत्न झाले. बॉल, रोझेन, सॅबिन आणि वासुदेवन यांचं २०१७ चं काम घ्या, पण ते सिद्धांतात राहिलं. हे प्रत्यक्षाच्या जास्त जवळ वाटतं.

तरी दोन गोष्टी. काम उपयोगी आहे की नाही हे साखळीला कळत नाही. कचरा गुणला तरी सोडत मिळते. ते एक वेळ ठीक. दुसरी गोष्ट मोठी. ज्याच्याकडे एआयची गिऱ्हाइकं आधीच आहेत त्याला सोडत जवळपास फुकट पडणार. त्याची वीज गिऱ्हाईक भरतो. माझ्यासारख्याला, ज्याच्याकडे गुणायला काही नाही, पूर्ण वीज खिशातून. म्हणजे साखळी चार-पाच मोठ्या डेटा सेंटरांच्या हातात. आणि साखळीवर हल्ला करून तिचा इतिहास बदलू पाहणाऱ्यालाही तेच: हल्ला फसला तरी गुणाकाराचे पैसे मिळालेच आहेत. बिटकॉइनमध्ये फसलेल्या हल्ल्याची वीज पूर्ण बुडते, त्याच भीतीवर सगळं उभं आहे.

चिकित्सक_चिंगी

थांबा. हा आक्षेप विकता येणाऱ्या उपयोगाला लागू होतो, सगळ्या उपयोगाला नाही. मायनरने काढलेलं उत्तर सगळ्यांसाठी खुलं असेल, कुणी त्याचे पैसे देत नसेल, तर मायनरचा खर्च एका पैशानेही कमी होत नाही. प्राइमकॉइनच्या साखळ्या तशाच की. हल्लेखोराची वीज तितकीच बुडाली, आणि जगाला साखळ्या मिळाल्या. समाजाचा फायदा आणि मायनरचा फायदा तुम्ही एकाच खात्यात टाकताय.

कापूसकोंड्या

हा मुद्दा बिनतोड आहे. खुल्या उत्तरांना माझा दुसरा आक्षेप लागत नाही.

पण मग पहिली मेख परत येते. खुलं, समाजाच्या कामाचं, कुणी नेमून न दिलेलं, ब्लॉकमधून आपोआप जन्मणारं, चटकन तपासता येणारं, न संपणारं काम कुठलं? मला आजवर मूळ संख्या आणि तशीच काही गणिती नक्षी एवढंच सापडलंय. कॅन्सर त्या यादीत बसत नाही, कारण रुग्णाचा रेणू ब्लॉकच्या हॅशमधून जन्माला येत नाही.

ऋतुगंध

एक सुचवू? साठवण. आमच्याकडे जुन्या निरीक्षणांचे आणि मॉडेलच्या उत्तरांचे ढीग असतात, ते जपून ठेवणं हेच मोठं काम. आकडेमोडीऐवजी 'ही माहिती माझ्याकडे खरंच आहे' हे सिद्ध करायला लावलं तर? तपासायलाही सोपं.

टेकाडावरचा

त्यावर काम झालंय. २०१४ मध्ये पर्माकॉइनची कल्पना मांडली गेली, तीत बिटकॉइनच्या मेहनतीच्या जागी मोठ्या सार्वजनिक संग्रहाचे तुकडे जपायचे होते. फाइलकॉइन या साठवणीच्या नाण्याचं मुख्य जाळं ऑक्टोबर २०२० पासून चालू आहे. त्यात साठवणाऱ्याला आपल्याकडे प्रत खरंच आहे हे वारंवार सिद्ध करावं लागतं. तोटा असा की प्रत खरी असल्याचं सिद्ध करण्यासाठी तिच्यावर सुरुवातीला जी प्रक्रिया करावी लागते ती स्वतःच चांगली जड आहे. चिया नावाचं दुसरं नाणं २०२१ मध्ये आलं, तेही डिस्कवर चालतं, पण डिस्क निरर्थक आकड्यांनी भरायची असते. वीज वाचली, हार्ड डिस्कचे भाव चढले, आणि आकडे भरताना एसएसडी झिजून जाऊ लागल्या.

तुमच्या निरीक्षणांसाठी मात्र कुणीतरी 'हा संग्रह जपण्यासारखा आहे' असं ठरवावं लागेल.

खडूस_काका

म्हणजे पुन्हा समिती आली.

चिकित्सक_चिंगी

येऊ द्या की काका. ग्रिडकॉइनमध्ये मतदान होतं, तिथेही समितीच आहे, फक्त मोठी. मला समितीची भीती वाटत नाही, समिती लपवून ठेवण्याची वाटते. ज्यांना खरोखर काही करायचंय त्यांनी आज रात्री बोइंक उतरवून घ्या, नाणंबिणं काही नको. थंडीच्या दिवसांत लॅपटॉपपेक्षा डेस्कटॉप बरा, आणि सेटिंगमध्ये प्रोसेसरची मर्यादा पन्नास टक्क्यांवर ठेवा, नाही तर पंख्याच्या आवाजाने घरचे उठतील. कुठला प्रकल्प निवडायचा यात अडलात तर इथेच विचारा.

भिंगरी

उतरवलं. आइन्स्टाइन अ‍ॅट होम निवडला, त्यात पल्सार (ठरावीक लयीत रेडिओ लहरी सोडणारे तारे) शोधतात असं लिहिलंय. चिंगीताई, नारायणगावजवळच्या खोडदच्या दुर्बिणीची माहितीही यात असते का? असेल तर आमच्या शाळेतल्या मुलांना जोडते.

चिकित्सक_चिंगी

भिंगरी, या प्रकल्पाला पहिला पल्सार २०१० मध्ये सापडला तो अरेसिबोच्या दुर्बिणीच्या माहितीतून, आणि ज्यांच्या संगणकांवर तो निघाला ते आयोवातलं एक जोडपं आणि जर्मनीतला एक माणूस होता. शोधाचं श्रेय त्यांना नावानिशी मिळालं. मुलांना हे आधी सांगा. खोडदचं ऋतुगंधच्या ओळखीत कुणी असेल तर तिला विचारू. शाळेच्या लॅबमध्ये किती संगणक आहेत, आणि सुट्टीत ते चालू ठेवायला मुख्याध्यापक परवानगी देतील का?